१०० गिगाबिटचं कार्ड, हातात जेमतेम निम्मं: घोडं कुठे पेंड खातंय?

कूर्मगती | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय, आता इथे मांडतो.

दोन जुने सर्व्हर आहेत, दोन सॉकेटवाले, पीसीआयई (कार्ड सीपीयूला जोडणारा आतला रस्ता) तिसऱ्या पिढीचे. दोघांना अ आणि ब म्हणू. दोन्हीत कनेक्टएक्स-५ नेटवर्क कार्ड बसवलं, एका पोर्टचं, १०० गिगाबिट इथरनेट. मध्ये स्विच नाही, दोन मीटरची तांब्याची डॅक केबल थेट अ मधून ब मध्ये. दोन्हीकडे लिनक्स. काम साधं आहे: व्हर्च्युअल मशीनच्या मोठाल्या इमेज रोज रात्री अ वरून ब वर हलवायच्या. दोन्हीकडे एनव्हीएमई डिस्क आहेत, त्यामुळे डिस्कवर खापर फोडू नका.

ईथटूलला (कार्डाची माहिती देणारी आज्ञा) विचारलं तर छाती फुगवून सांगतं, स्पीड १००००० मेगाबिट. आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन लावलं तर २७ गिगाबिट. ‘-पी ८’ देऊन आठ प्रवाह केले तरी २७ च्या आसपासच. मग कुठेतरी वाचून आरडीएमएची (सीपीयूला न उठवता थेट समोरच्या मेमरीत डेटा ठेवायची पद्धत) चाचणी केली (आयबी_राइट_बीडब्ल्यू). ती ६२०० मेगाबाइट दाखवते. म्हणजे पन्नास गिगाबिटच्या आतच ना?

कार्ड खराब आहे का? दोन्ही एकदम?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५८

केबल बदलून बघा. माझा संशय फेकवर आहे, म्हणजे चुका दुरुस्त करणारं जे एफईसी असतं ते. दोन टोकांना वेगळं सेट असेल तर असले प्रकार होतात.

---

पाकीटमार | मंगळवार, सकाळी ७:१५

कूर्मगती, दोन वेगळ्या भानगडी तुम्ही एका गाठोड्यात बांधल्या आहेत. सोडवू.

आधी आयपर्फ३. ३.१६ च्या आधीची आवृत्ती असेल तर ‘-पी ८’ म्हटल्याने फक्त प्रवाह आठ होतात, सीपीयूवरचा धागा (थ्रेड) एकच राहतो. आठही प्रवाह सीपीयूच्या एकाच कोअरच्या मानगुटीवर. ३.१६ पासून (२०२३ अखेर) प्रत्येक प्रवाहाला स्वतःचा धागा मिळतो. तुमचे २७ म्हणजे त्या एका बिचाऱ्या कोअरची दमछाक आहे, कार्डाचा त्यात दोष नाही. आयपर्फ३ तूर्त बाजूला ठेवा.

खरा आकडा दुसरा. त्या चाचणीतला ‘मेगाबाइट’ १०,४८,५७६ बाइटचा असतो. तेव्हा ६२०० म्हणजे ४९.६ नाही, ५२ गिगाबिट. ‘--रिपोर्ट_गिगाबिट्स’ हा पर्याय दिलात तर बोटं मोजावी लागणार नाहीत.

आणि ५२ हा आकडा माझ्या जुन्या ओळखीचा आहे. दोन्ही सर्व्हरवर एलएसपीसीआय ‘-व्हीव्ही’ (पीसीआयई कार्डांची यादी देणारी आज्ञा) लावून कार्डाच्या खालच्या दोन ओळी इथे टाका: लिंककॅप आणि लिंकस्टा. पहिली ओळ कार्डाला काय जमतं ते सांगते, दुसरी प्रत्यक्षात काय जमलंय ते.

---

तारेवरची_कसरत | मंगळवार, सकाळी ९:०२

@रात्रपाळी, फेकचं जुळलं नाही तर बहुतेक वेळा लिंक उभीच राहत नाही, नाहीतर लपंडाव खेळते. वेग निम्मा होऊन शांत बसेल असं फेकमुळे होत नाही. इथे लिंक १०० वर ठाम आहे.

पण मुद्दा निघालाच आहे तर सांगते, कारण यात लोक हमखास फसतात. १०० गिगाबिटच्या चार लेनवाल्या डॅकला (सीआर४) आरएस-फेक लागतं आणि प्रमाणानुसार ती ५ मीटरपर्यंत चालते. कमी अंतराच्या एसआर४ ऑप्टिकलाही आरएस-फेक लागतं. लांब पल्ल्याच्या एलआर४ ला मात्र लागत नाही. आता एका टोकाने फेक चालू ठेवलं, दुसऱ्याने ‘गरज नाही’ म्हणून बंद केलं, की माणूस रात्रभर मॉड्यूल काढतो आणि घालतो. २५ गिगाबिटमध्ये हा घोळ आणखी जास्त, कारण तिथे काहीच नसणं, जुनं फायरकोड फेक आणि आरएस-फेक असे तीन पर्याय आहेत. ईथटूलला ‘--शो-फेक’ विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

केबल खरंच आजारी असेल तर ईथटूल ‘-एस’ च्या यादीत दुरुस्त न होऊ शकलेल्या चुकांचा आकडा वाढत जाताना दिसेल. तो शून्यावर असेल तर केबलला हात लावू नका.

---

कूर्मगती | मंगळवार, रात्री १०:२०

चुका शून्य. केबल निर्दोष.

पाकीटमार, तुमच्या दोन ओळी:
अ: लिंककॅप ८ जीटी, रुंदी x१६. लिंकस्टा ८ जीटी, रुंदी x१६.
ब: लिंककॅप ८ जीटी, रुंदी x१६. लिंकस्टा ८ जीटी, रुंदी x८, आणि कंसात ‘डाउनग्रेडेड’.

पण ब मधला स्लॉट पूर्ण लांबीचा आहे हो! कार्ड त्यात टोकापासून टोकापर्यंत बसलंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

---

पाकीटमार | मंगळवार, रात्री १०:४१

सापडलं घोडं.

स्लॉटची लांबी ही प्लास्टिकची लांबी. आतमध्ये तारा किती जोडल्यात ते वेगळं. कित्येक रायझरवर (स्लॉट असलेल्या छोट्या जोडबोर्डावर) स्लॉट दिसायला x१६ असतो आणि जोडणी आठच लेनची असते. बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते वाचायला भिंग आणि फुरसत दोन्ही लागतं.

आता हिशेब. तिसऱ्या पिढीत प्रत्येक लेनला सेकंदाला ८ अब्ज बिट. १३० बिटांमागे २ बिट सांकेतिक भाषेत जातात. आठ लेनचे झाले ६३ गिगाबिट. हा कच्चा माल. त्यावरून डेटा जातो तो छोट्या तुकड्यांत, सर्व्हरवर साधारण २५६ बाइटचा एक तुकडा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पंचवीसेक बाइटचं ओझं. शिवाय पोच आणि क्रेडिटचे निरोप त्याच रस्त्याने. हे सगळं वजा जाता ५० ते ५५ उरतात. तुमचे ५२ बरोब्बर त्यात बसले.

x१६ मध्ये कच्चे १२६. तेवढ्यात १०० चं एक पोर्ट सुखाने मावतं.

(म्हणूनच तिसऱ्या पिढीच्या सर्व्हरवर दोन पोर्टांचं १०० गिगाबिट कार्ड घेऊन ‘आता २००’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. १२६ च्या दारातून २०० जात नाहीत. दुसरं पोर्ट, पहिलं पडलं तर उपयोगी. दोन्ही भरून चालवायची तर चौथी पिढी, x१६ ला २५२. आणि ४०० च्या कार्डाला पाचवी.)

---

कूर्मगती | बुधवार, रात्री ९:३५

आज वेगळीच गंमत. ब मध्ये दुसऱ्या रायझरवर खरा x१६ स्लॉट आहे, बोर्डावर लिहिलंय, भिंगाने वाचलं. कार्ड तिथे हलवलं. सर्व्हर चालू केला. कार्डच गायब! एलएसपीसीआयमध्ये नावनिशाणी नाही. परत काढलं, परत बसवलं, तेच. आता खरंच मेलं की काय?

---

जुनंखोड | बुधवार, रात्री ९:५०

ब मध्ये सीपीयू किती आहेत?

---

कूर्मगती | बुधवार, रात्री ९:५२

एक. दुसरं सॉकेट रिकामं आहे. का?

अरे देवा.

---

जुनंखोड | बुधवार, रात्री १०:०५

:) वाटलंच होतं.

पीसीआयईच्या लेन आता थेट सीपीयूतून निघतात. दुसऱ्या रायझरची जोडणी दुसऱ्या सॉकेटला असते. तिथे सीपीयू नाही, म्हणजे नळ आहे आणि मागे टाकीच नाही. माझीही एकदा याच पायी अख्खी रात्र गेली आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पहिल्या रायझरवर आणखी एखादा x१६ असेल तर तो कोणी अडवलाय बघा.

---

कूर्मगती | बुधवार, रात्री ११:३०

रेड कंट्रोलरने, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाने. आठ लेनचं कार्ड, सोळा लेनच्या स्लॉटमध्ये पाय पसरून बसलं होतं. दोघांची अदलाबदल केली.

९२.६!!!

पाकीटमार, जुनंखोड, दोघांनाही साष्टांग दंडवत.

आता हावरटपणाचा प्रश्न. उरलेले ७.४ कुठे गेले? पीसीआयईत तर आता जागा आहे.

---

तारेवरची_कसरत | गुरुवार, सकाळी ८:४५

एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० वर आहे ना? मग आकडा अगदी बरोबर आहे, याहून जास्त मिळूच शकत नाही.

इथरनेटवरच्या आरडीएमएला, म्हणजे रॉकीला, एका पॅकेटमध्ये किती बाइट घालायचे याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत: २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६. १५०० च्या एमटीयूत डोक्यावरचं ओझं धरून १०२४ चीच पायरी बसते. आता ओझं मोजा: इथरनेट १४, आयपी २०, यूडीपी ८, आरडीएमएचं स्वतःचं १२, त्याची तपासणी ४, इथरनेटची तपासणी ४, आणि दोन फ्रेमच्या मधली मोकळी जागा व सुरुवातीची घंटा मिळून २०. झाले ८२. १०२४ भागिले ११०६ करा.

दोन्हीकडे एमटीयू ९००० करा. ४०९६ ची पायरी मिळेल. उत्तर आत्ताच सांगून ठेवते: ९८.

---

कूर्मगती | गुरुवार, दुपारी १:१०

९८.०. ताई, तुम्ही ज्योतिषी आहात.

---

शंकासुर | गुरुवार, दुपारी २:२५

धागा वाचतोय, मजा येतेय, पण एक बाळबोध शंका. आरडीएमए, आरडीएमए करताय सगळे, ते नेमकं आहे काय? साधं टीसीपी इतकी वर्षं चालतंय की.

---

पाकीटमार | गुरुवार, रात्री ८:००

शंका बाळबोध मुळीच नाही.

१०० गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सोडल्या तर सेकंदाला १४.८८ कोटी जातात. एकीच्या वाट्याला ६.७२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्यात वीस ठोके मिळतात. वीस ठोक्यांत कर्नल काय करणार, कपाळ? पूर्ण आकाराच्या फ्रेम घेतल्या तरी ८१ लाख होतात, एकीला १२३ नॅनोसेकंद. मुख्य मेमरीत एक फेरी मारून येण्यातच यातला बराचसा वेळ संपतो. म्हणून मग युक्त्या निघाल्या: ६४ केबीचा गठ्ठा एकदम कार्डाकडे द्यायचा आणि तुकडे त्याने करायचे, येणारी पॅकेटं वेगवेगळ्या कोअरवर वाटायची, प्रत्येक पॅकेटला घंटा न वाजवता दहा-वीस जमली की एकदाच वाजवायची. टीसीपी आजही १०० वर धावतं ते याच कुबड्यांच्या जोरावर.

आरडीएमए मुळातच वेगळा विचार करतं. टीसीपीत टपालवाला दारावर येतो, बेल वाजवतो, कोणीतरी उठतं, पाकीट घेतं, हॉलमधल्या टेबलावर ठेवतं, मग आतल्या खोलीतलं माणूस ते टेबलावरून आपल्या कपाटात नेतं. आरडीएमएत तुम्ही एका ठरावीक कपाटाची किल्ली समोरच्याला आधीच देऊन ठेवता. तो येतो, कपाटात ठेवतो, जातो. घरातलं कोणी उठत नाही. किल्ली हा शब्द मी गोडीगोडीत वापरत नाहीये, त्या आकड्याचं नावच ‘आर-की’ आहे, दूरची किल्ली.

किंमत काय? ते कपाट जागचं हलता कामा नये. म्हणजे ती मेमरी आधी नोंदवावी लागते आणि कर्नलने ती स्वॅपमध्ये टाकायची नाही, बांधून ठेवायची. लॉक्ड मेमरीची मर्यादा तुटपुंजी असेल तर प्रोग्रॅम ‘मेमरी मिळत नाही’ म्हणून रडतो आणि आपण गोंधळतो, कारण रॅम तर निम्मी रिकामी असते. यूलिमिट ‘-एल’ बघायचं असतं, बघत असतो भलतंच.

---

जुनंखोड | गुरुवार, रात्री ११:१५

आता मी माझं तुणतुणं वाजवतो. आरडीएमएच करायचं तर इन्फिनिबँड करा ना राव. रॉकी म्हणजे सासरी नांदायला आलेली इन्फिनिबँडच.

१९९९ मध्ये ‘फ्यूचर आय/ओ’ आणि ‘नेक्स्ट जनरेशन आय/ओ’ असे दोन भांडणारे तळ एकत्र आले आणि इन्फिनिबँड जन्मलं. स्वप्न होतं सर्व्हरच्या आतली पीसीआय बसच हटवायची. ते काही झालं नाही. पोरगं वकील व्हायचं होतं आणि पहिलवान झालं, महासंगणकांच्या आखाड्यात उतरलं. समिट महासंगणकात ईडीआर इन्फिनिबँडच होतं.

गंमत त्याच्या शिस्तीत आहे. समोरच्याकडे ठेवायला जागा आहे असं क्रेडिट हातात असल्याशिवाय पाठवणारा पाठवतच नाही. गर्दी झाली म्हणून पॅकेट टाकून देणं हा प्रकारच नाही. इथरनेटचा स्वभाव उलटा: आधी पाठव, गर्दी झाली तर फेकून दे, वरचा टीसीपी निस्तरेल.

वेगाचे आकडे मात्र जपून वाचा. क्यूडीआरवर ४० लिहायचे, पण ८ बिट पाठवायला १० लागायचे, म्हणून हातात ३२. आणि ती कार्डं दुसऱ्या पिढीच्या आठ लेनवर बसायची, तिथेही तेच ८ ला १०, तिथेही ३२, वर तुकड्यांचं ओझं. शेवटी पंचवीस-सव्वीस हातात यायचे. कूर्मगतींचं दुखणं आम्ही तेव्हाच भोगलंय. एफडीआरपासून ६४ ला ६६ आलं आणि गळती थांबली. पुढे ईडीआर १००, एचडीआर २००, एनडीआर ४००.

---

तारेवरची_कसरत | शुक्रवार, सकाळी ९:३०

आजोबा, तुमचा पहिलवान आखाड्यात शोभतो, पण बहुतेकांकडे आधीपासून इथरनेटचे स्विच आहेत, माणसं इथरनेट शिकलेली आहेत, आणि रॉकीची दुसरी आवृत्ती साध्या यूडीपीवर, ४७९१ पोर्टवर चालते, म्हणजे राउटरपलीकडेही जाते. फ्रंटिअर महासंगणकातलं स्लिंगशॉटही इथरनेटच्याच कुळातलं. २०२३ मध्ये अल्ट्रा इथरनेट नावाचा संघ उभा राहिला तो याच कारणाने.

पण तुमचं एक म्हणणं कबूल. रॉकीला पॅकेट गळणं सोसत नाही, आणि न गळणारं इथरनेट करायचं तर पीएफसी लावावं लागतं: रांग भरली की मागच्याला ‘थांब’ सांगायचं. तो थांबला की त्याची रांग भरते, तो त्याच्या मागच्याला थांबवतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या डेटा सेंटरमधल्या रॉकीचा अनुभव शोधनिबंधात मांडला, त्यात एकच बिघडलेलं कार्ड सतत ‘थांब’ ओरडत राहतं आणि जाळं कसं गारठतं ते वाचण्यासारखं आहे. म्हणून पीएफसी हा शेवटचा उपाय समजायचा. आधी ईसीएन लावायचं, म्हणजे रांग भरायच्या आधीच पॅकेटवर खूण पडते आणि पाठवणारा आपणहून हळू होतो. स्विच आणि दोन्ही कार्डं, तिघांवर प्राधान्याचा वर्ग एकच हवा. दोघांवर लावून तिसरा विसरला की सगळं सुरळीत दिसतं आणि गर्दीच्या वेळी कोसळतं.

कूर्मगतींना यातलं काहीच नको. दोन सर्व्हर, एक केबल.

---

जुनंखोड | शुक्रवार, सकाळी ९:४८

आजोबा म्हणालीस ते पटलं, बाकीचं अर्धंच.

कूर्मगती, तुमचं कार्ड व्हीपीआय प्रकारचं असेल तर तेच इन्फिनिबँडमध्ये फिरवता येतं. पण थेट केबलवर एका टोकाला ओपनएसएम चालवावं लागेल. पत्ते वाटणारा सबनेट मॅनेजर कोणीतरी हवाच, नाहीतर तार जोडलेली, दिवा लागलेला आणि लिंक ‘इनिशियलायझिंग’ वर बसून राहिलेली. आणि कार्ड सर्व्हर कंपनीचा शिक्का असलेलं असेल तर फर्मवेअर टाकण्याआधी पीएसआयडी (कार्डाच्या मॉडेलचा ओळख क्रमांक) बघा. मूळ उत्पादकाचं फर्मवेअर जबरदस्तीने चढवता येतं, पण मग सपोर्टवाल्यांना फोन करायची सोय राहत नाही.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ४:००

माझा फेकचा तीर चुकला, मान्य. एक कामाची गोष्ट मात्र सांगतो. या कार्डांवर पंखा नसतो, नुसती पन्हाळी असलेली धातूची वडी असते. सर्व्हरच्या वाऱ्यावर त्यांची भिस्त. स्लॉट बदलताना मधली वारा वळवणारी प्लास्टिकची पट्टी काढून बाजूला ठेवली असेल तर परत लावा. कोणी घरच्या डेस्कटॉपमध्ये असलं कार्ड बसवणार असेल तर वर पंखा बांधा, नाहीतर अर्ध्या तासात हात लावता येणार नाही.

---

कूर्मगती | शुक्रवार, रात्री ११:०५

पट्टी बाजूलाच राहिली होती. टेबलावर. धन्यवाद.

आता टीसीपीचं. नवं आयपर्फ३ टाकलं, आठ प्रवाह, एमटीयू ९०००: ६१. मग पाकीटमारांनी व्यनितून सांगितल्याप्रमाणे अ वर कार्डाच्या फायलीत ‘नुमा_नोड’ बघितलं. १. म्हणजे अ मधलं कार्ड दुसऱ्या सीपीयूला लटकलेलं, आणि आयपर्फ बागडत होतं पहिल्यावर. प्रत्येक बाइट दोन सीपीयूंच्या मधल्या पुलावरून जात होता. नुमासीटीएलने प्रोग्रॅम नोड १ वर बांधला, कार्डाचे इंटरप्टही तिथल्याच कोअरवर नेले.

९८.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी १०:१०

अभिनंदन! मग काल रात्री त्या इमेज किती वेगाने गेल्या?

---

कूर्मगती | शनिवार, सकाळी १०:३२

साडेतीन गिगाबिट.

हसू नका. इमेज हलवायला वापरतो ते आरसिंक एसएसएचवरून चालतं, आणि तिथलं कूटलेखन एकाच कोअरवर. टॉपमध्ये एसएसएच शंभर टक्क्यांवर, बाकी सगळे कोअर झोपलेले.

एनएफएस (नेटवर्कवरून फायली वाटायची पद्धत) आरडीएमएवरून चालतं म्हणे, २००४९ पोर्टवर. त्याचा वेगळा धागा काढतो.

---

पाकीटमार | शनिवार, सकाळी १०:४०

काढा. मी चहा ठेवतो.